झोन बदलण्याआधी विचारायचे तीन प्रश्न : हवाईचा एक निकाल

ग्रीन झोनची जमीन यलो झोनमध्ये आली की तिचा भाव कसा चढतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. पण ज्यांचे नाव सातबाऱ्यावर नाही असे लोक त्या जमिनीवरून लाकूडफाटा, रानभाजी, खेकडे आणत असतील, तर झोन बदलाच्या फाइलमध्ये त्यांची नोंद कुठे होते? अमेरिकेतील हवाई राज्यात हाच प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. तो निकाल आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यावा असा आहे.

हवाईत 1961 पासून जमिनीची वर्गवारी केली जाते; आज तिथली सगळी जमीन शहरी, ग्रामीण, शेती आणि संरक्षित अशा वर्गांत विभागलेली आहे. मोठ्या जमिनीचा वर्ग बदलायचा तर राज्याच्या भूवापर आयोगाकडे अर्ज करावा लागतो. दुसरीकडे, 1978 मध्ये राज्यघटनेत एक कलम आले. मूळ हवाईयन लोकांचे उपजीविका, संस्कृती आणि धर्मासाठीचे परंपरागत हक्क जपणे ही त्यानुसार राज्याची जबाबदारी झाली. हे हक्क 'अहुपुआआ'शी बांधलेले आहेत. अहुपुआआ म्हणजे साधारणपणे डोंगरापासून समुद्रापर्यंतचा जमिनीचा पट्टा. आजची मालकी कुणाचीही असो, हक्क आपोआप संपत नाही.

हवाई बेटावरच्या काऊपूलेहू इथे एका विकासकाने सुमारे 1000 एकर संरक्षित जमीन शहरी वर्गात टाकण्याची मागणी केली. तिथे महागडी घरे आणि गोल्फ मैदान होणार होते. बाहेरून आलेल्या माणसाला ती जागा ओसाडच वाटेल, कारण तिच्यावर 1800-01 च्या सुमारास हुआलालाई ज्वालामुखीतून आलेल्या लाव्हाचा काळा खडक पसरलेला आहे. पण स्थानिक लोक तिथल्या किनाऱ्यावर मीठ गोळा करत आणि मासे धरत. त्या लाव्हाच्या कथाही त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. विरोधात उभ्या राहिलेल्या आघाडीचे नावच होते 'का पाआकाई ओ का आइना', म्हणजे 'भूमीचे मीठ'.

आयोगाने 1996 मध्ये परवानगी दिली आणि हक्क जपण्याची अट विकासकावर टाकली. ऐकायला हे बरे वाटते, पण न्यायालयाचा मुख्य आक्षेप नेमका यावरच होता. हक्क जपणे ही घटनेने राज्यावर टाकलेली जबाबदारी, ती खाजगी विकासकाच्या हाती कशी देता येईल? शिवाय आयोगाने किनाऱ्यालगतच्या सुमारे 235 एकरांपुरतेच पाहिले होते. उरलेल्या जागेवर लोक काय करतात, हे तपासलेच नव्हते. सन 2000 मध्ये न्यायालयाने ती परवानगी रद्द करून प्रकरण परत पाठवले आणि तीन प्रश्न घालून दिले. या जागेत कोणती सांस्कृतिक, ऐतिहासिक आणि नैसर्गिक साधने आहेत व लोक तिथे कोणते परंपरागत हक्क वापरतात? प्रकल्पाने त्यांना किती धक्का लागेल? आणि ते जपण्यासाठी आयोग स्वतः कोणती व्यवहार्य पावले उचलणार? या तिन्हींची उत्तरे परवानगीच्या आधी, लेखी निष्कर्षांच्या रूपात हवीत.

त्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने पर्यावरण अहवालात सांस्कृतिक परिणामही तपासण्याची तरतूद केली. त्यासाठी जुने नकाशे, जमिनीच्या नोंदी, हवाईयन भाषेतली जुनी वर्तमानपत्रे चाळतात आणि वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेतात. यातही गोम आहे. अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराचे पैसे बहुधा अर्जदारच देतो. पूर्वजांची हाडे कुठे पुरली आहेत हे अनोळखी माणसाला सांगायला घरातले मोठे राजी नसतात. वस्त्यांमध्ये सर्वेक्षणाचे काम करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे : म्हातारी गप्प बसली की फॉर्मवर 'काही नाही' लिहिले जाते.

आपल्याकडे नियमांची रचना वेगळी आहे. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला पूर्वपरवानगी लागते, पण बांधकाम व टाउनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. केंद्र संरक्षित लेणीभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरवर नियंत्रण आहे. मात्र बुद्धपौर्णिमेला लोक ज्या पायवाटेने लेणीपर्यंत येतात, तिला हे अंतराचे माप ओळखत नाही.

म्हणून विकास आराखड्यातील फेरबदलाची सूचना निघाली की हरकतींची मुदत वाया घालवू नका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खालील फेरबदलासाठी ही मुदत फक्त महिन्याभराची असते. 'आमचा विरोध आहे' एवढेच लिहिलेली हरकत सहज बाजूला पडते. कोणत्या गटातून पायवाट जाते, कोणत्या महिन्यात कोण काय गोळा करते, ओढा कुठून वाहतो, हे हाताने काढलेल्या नकाशासह लिहा. हे तुम्ही तपासले का, असे प्राधिकरणालाच विचारा आणि पोच घ्या.