जुने सिमेंटचे पत्रे उतरविताना व टाकून देताना घ्यावयाची दक्षता

सुगी आटोपल्यानंतर व पावसाळा सुरू होण्यापूर्वी खेडोपाडी घरांची, गोठ्यांची व कांदाचाळींची दुरुस्ती निघते. या कामात छपरावरून जे उतरते त्याची विल्हेवाट सहसा कठीण नसते. कौले पुन्हा चढविली जातात, वासे दुसऱ्या कामास अथवा सरपणास लागतात, लोखंडी पत्रे भंगारवाला घेऊन जातो. मागे राहतात ते सिमेंटचे नालीदार पत्रे. त्यांना गिऱ्हाईक नसते. म्हणून ते फोडून त्यांचा भराव करण्याची रीत पुष्कळ ठिकाणी पडली आहे. गोठ्यापुढील चिखलावर, शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेच्या चाकोरीत, विहिरीभोवतीच्या निसरड्या जागेत हे तुकडे मुरमाप्रमाणे पसरले जातात. वरवर पाहता ही काटकसर आहे. परंतु छपरावर असताना ज्या पत्र्यापासून फारसा उपद्रव नव्हता, तोच पत्रा पायाखाली आल्यावर घातक होतो. ही रीत का सोडावी व तिच्याऐवजी काय करावे, हे येथे सांगावयाचे आहे.

ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो तो निव्वळ सिमेंटचा नसतो. सिमेंटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू मिसळून तो घडविलेला असतो. वजनाने या तंतूंचे प्रमाण सामान्यतः शेकडा दहाच्या आसपास असते. हे तंतू कुजत नाहीत, जळत नाहीत व ताण सहन करतात, म्हणूनच जेमतेम ६ मिलिमीटर जाडीचा पत्रा अनेक पावसाळे टिकतो. पत्र्यावर 'आय. एस. ४५९' असा भारतीय मानकाचा शिक्का असल्यास तो अ‍ॅस्बेस्टॉसचाच समजावा. अलीकडे अ‍ॅस्बेस्टॉसविरहित तंतूंचे पत्रेही मिळतात, पण नुसत्या डोळ्यांनी दोहोंतील फरक ओळखता येत नाही. सबब शिक्का पुसलेला जुना पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचा आहे असे धरूनच त्यास हात लावावा. सांडपाण्याचे व धुराड्याचे जुने सिमेंटचे नळ आणि छपराच्या आढ्यावरील कोने यांनाही हेच लागू आहे.

अखंड पत्र्यात तंतू सिमेंटने घट्ट जखडलेले असतात. पत्रा फोडला, कापला, घासला किंवा चाकाखाली चिरडला की ते मोकळे होऊन हवेत मिसळतात. ते केसापेक्षा कितीतरी बारीक असल्यामुळे डोळ्यांस दिसत नाहीत, त्यांना वास नसतो आणि त्यांनी ठसकाही लागत नाही. मिरचीचा खाट उठला तर माणूस आपोआप बाजूस होतो; येथे तशी सूचना शरीराकडून मिळत नाही. श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर गेलेले तंतू शरीरास विरघळविता येत नाहीत. कालांतराने फुप्फुस घट्ट होऊन दम लागू लागतो. या विकारास अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग हे याहूनही गंभीर परिणाम आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांची, म्हणजे आपल्या पत्र्यांतील पांढऱ्या प्रकाराचीही, माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणना केली आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो.

रोग प्रकट होण्यास बहुधा २० ते ४० वर्षे लागतात. आज गोठा पाडणाऱ्या तरुणास त्रास झालाच, तर तो त्याच्या उतारवयात होईल, आणि तेव्हा त्या गोठ्याची आठवणही कोणास राहणार नाही. 'आम्ही आजवर शेकडो पत्रे फोडले, काही झाले नाही,' असे जेव्हा गवंडी सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. परंतु त्याच्या अनुभवाची मुदत अद्याप पुरी झालेली नसते.

भरावाच्या रीतीचा परिणाम काय होतो याचा दाखला नेदरलँड्स देशात मिळतो. तेथील गोर या गावी अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचा कारखाना होता. १९३५ ते १९७४ या काळात कारखान्यातील टाकाऊ माल आसपासच्या लोकांना मिळत असे, व शेतकऱ्यांनी तो आपल्या कच्च्या वाटांवर व अंगणांत पसरला. वाहनांच्या व जनावरांच्या वर्दळीने त्याची भुकटी होत राहिली. पुढे त्या भागात, कारखान्यात कधीही काम न केलेल्या स्त्रियांमध्येसुद्धा मेसोथेलिओमाचे रोगी आढळले, आणि त्या वाटा शोधून साफ करण्याचे किंवा झाकून घेण्याचे खर्चिक काम तेथील शासनास हाती घ्यावे लागले. इटलीतील कासाले मोनफेर्रातो या गावीही अशाच कारखान्याची भुकटी लोकांनी अंगणांत व माळ्यांवर वापरली होती, आणि कारखाना १९८६ मध्ये बंद पडल्यानंतरही तेथे या रोगाचे बळी पडत राहिले. कारखान्याजवळच्या गावाइतका माल आपल्याकडे एका ठिकाणी साचत नाही हे खरे. परंतु बैलगाडीच्या जागी आता ट्रॅक्टर आला आहे आणि त्याच्या चाकाखाली तुकड्यांची भुकटी होण्यास फार दिवस लागत नाहीत.

पत्रा उतरवावा की राहू द्यावा?

पत्रा अखंड असेल, त्यास तडे नसतील व वरचा थर सुटत नसेल तर तो आहे तेथेच राहू द्यावा. केवळ भीतीपोटी चांगले छप्पर उतरविण्यात हित नाही, कारण उतरवितानाच धूळ अधिक उडते. मात्र शेवाळ काढण्यासाठी तारेच्या ब्रशने तो घासू नये, कटर यंत्राने कापू नये व नवी भोके पाडू नयेत. पन्हळीत साचलेला गाळ वाळू न देता ओला असतानाच काढावा, कारण झिजलेल्या पत्र्याचे तंतू त्यात उतरलेले असतात.

वादळानंतर मात्र निवडीस वाव राहत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले तेव्हा कोकणात असंख्य घरांची छपरे उडाली व फुटक्या पत्र्यांचे तुकडे अंगणांत आणि बागांत विखुरले. अशा वेळी लगबगीने खराट्याने झाडण्याकडे मन धावते. तसे न करता तुकड्यांवर प्रथम पाणी शिंपडावे, ते हाताने वेचावे आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

उतरविण्याची पद्धत

मोठे छप्पर असेल तर या कामाची माहिती असलेला ठेकेदार पाहावा. प्रधानमंत्री आवास योजनेतील अथवा अन्य घरकुलासाठी जुने घर पाडावयाचे असल्यास पत्रे उतरविल्याशिवाय जेसीबी यंत्र लावू देऊ नये. यंत्राने पत्र्यांसह भिंत पाडली म्हणजे माती, विटा व अ‍ॅस्बेस्टॉस यांचा असा काला होतो की तो पुढे कोणासही वेगळा करता येत नाही. ठेकेदाराशी ठरविताना 'पत्रे अखंड उतरवून द्यावयाचे' ही अट बोलीत आणावी, शक्य तर लिहून घ्यावी. यासाठी मजुरी थोडी अधिक पडेल.

काम वारा नसताना, सकाळी लवकर काढावे. गोठा असल्यास जनावरे दूर बांधावीत. कडबा, धान्य, पेंड व पाण्याची भांडी हलवावीत किंवा झाकावीत. खाली जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. आदल्या दिवशी गंजलेल्या बोल्टांना तेल सोडून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते पान्याने सुटतात. न सुटल्यास बोल्टच करवतीने कापावा. पहारीने पत्रा उचकटू नये.

पत्र्यावर पाणी मारण्यास फवारणीचा पाठीवरचा पंप उत्तम. तो स्वच्छ धुऊन घ्यावा व पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे थोडे थेंब टाकावेत. औषधाबरोबर स्टिकर मिसळल्याने फवारा पानावर जसा पसरतो, तसे साबणाने पाणी पत्र्यात मुरते. बारीक तुषार सोडावा. जोराच्या धारेने तंतू धुऊन निघून आसपासच्या मातीत जातात, म्हणून तशी धार मारू नये.

येथे दुसऱ्या एका धोक्याचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो तात्काळ जीव घेणारा आहे. जुना पत्रा माणसाचा भार सहन करीत नाही, आणि ओला झाल्यावर त्यावरून पायही घसरतो. पत्रा फुटून खाली पडल्याने दगावणाऱ्यांच्या बातम्या नेहमी वाचनात येतात. पत्र्यावर चढून काम करू नये. आतून परांची बांधून किंवा शिडीवरून काम करावे. वर जाणे अपरिहार्यच असेल तर दोन-तीन आधारांवर टेकतील अशा लांब फळ्या टाकून त्यांवरूनच वावरावे व कमरेस दोर बांधावा.

पत्रे ज्या क्रमाने बसविले त्याच्या उलट क्रमाने, प्रथम आढ्याचे कोने व नंतर वरच्या ओळीपासून खाली, सोडवावेत. दहा फुटी पत्र्याचे वजन ४० किलोग्रॅमच्या घरात असते, म्हणून वर दोघे व खाली झेलण्यास दोघे असावेत. पत्रा वरून टाकू नये, घसरवूही नये.

तोंडास उपरणे वा रुमाल बांधून या तंतूंपासून संरक्षण होत नाही. कापडाच्या विणीतून ते सहज आत जातात. 'एफ. एफ. पी. ३' प्रतीचा मास्क घ्यावा व तो चेहऱ्यास घट्ट बसवावा. दाढी वाढलेली असल्यास कडेने हवा शिरते. जुने, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत व काम संपताच ते ओले करून तेथेच काढावेत. परदेशांत अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या बायकांना केवळ त्यांचे कपडे धुण्यातून हे रोग जडल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. म्हणून ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. पिशवीत बांधून पत्र्यांबरोबर टाकून देणे बरे. शेवटी अंग धुऊनच घरात जावे.

जमिनीवर पडलेले तुकडे ओले असताना वेचावेत, उरलेली भुकटी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि फडके पिशवीत टाकावे. केरसुणीचा येथे काहीही उपयोग नाही.

बांधणे, साठविणे व कायदा

अखंड पत्रे फळ्यांवर एकावर एक रचून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावेत. शेततळ्याच्या अस्तराचा ५०० मायक्रॉन जाडीचा कागद पुष्कळांकडे शिल्लक असतो. तो या कामी फार उपयोगी पडतो. आच्छादनाचा पातळ कागद फाटतो. तुकडे एकात एक अशा दोन जाड पिशव्यांत भरावेत. खताच्या विणलेल्या गोणीतून भुकटी गळते, म्हणून ती एकटी वापरू नये. प्रत्येक गठ्ठ्यावर 'अ‍ॅस्बेस्टॉस, फोडू नये' असे ठळक अक्षरांत लिहावे आणि गठ्ठे वर्दळीपासून दूर, पाणी न साचणाऱ्या जागी ठेवावेत.

जुने पत्रे शेजाऱ्यास किंवा मजुरास देऊन टाकणे हा औदार्याचा मार्ग वाटतो; परंतु त्यामुळे आपल्या दारचे संकट दुसऱ्याच्या दारी जाते. ते होळीत वा शेकोटीत टाकू नयेत, कारण तापल्यावर त्यांच्या ठिकऱ्या उडतात व तंतू तर जळतच नाहीत. उकिरड्यात टाकल्यास तुकडे शेणखताबरोबर शेतात जातात. स्वतःच्या शेतात खड्डा घेऊन पुरणेही इष्ट नाही. तंतू जमिनीत कुजत नाहीत. पुढे जमिनीची वाटणी होते, विक्री होते, पाइपलाइनसाठी चर निघतो, आणि आत काय आहे हे खोदणाऱ्यास ठाऊक नसते.

आपल्या देशात अ‍ॅस्बेस्टॉसच्या नव्या खाणींना परवाने देणे १९८६ मध्ये बंद करण्यात आले, तरी परदेशातून तंतू आणून पत्रे करण्यास मनाई झालेली नाही. टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉसची नोंद मात्र २०१६ च्या धोकादायक व इतर कचरा नियमांच्या अनुसूचीत आहे. ती नोंद पत्रे व तत्सम माल तयार करणाऱ्या उद्योगांच्या शीर्षकाखाली येते, म्हणून 'आमच्या घरच्या दहा पत्र्यांस ती कशी लागू?' असा प्रश्न कोणी विचारील. कारखान्यातून निघाला काय किंवा गोठ्यावरून निघाला काय, तंतू तोच आहे, व त्यास योग्य जागाही तीच आहे. अशा कचऱ्यासाठी महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव व बुटीबोरी येथे अधिकृत विल्हेवाट केंद्रे आहेत. टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉस ओला करून, बंद पिशव्यांत भरून पुरण्याविषयी भारतीय मानक संस्थेच्या १९८६ च्या शिफारशीही (आय. एस. ११७६८) उपलब्ध आहेत.

एकट्या शेतकऱ्याने दहा पत्रे घेऊन रांजणगाव वा बुटीबोरी गाठणे व्यवहार्य नाही. येथेच गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे खरे काम आहे. उन्हाळ्याच्या आरंभी गावात कोणकोणती छपरे उतरणार आहेत याची यादी करावी. ग्रामपंचायतीने बंदिस्त, कुलूप लागेल अशी एक खोली किंवा शेड ठरवून सर्वांचे गठ्ठे तेथे जमा करून घ्यावेत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयास पत्र्यांची संख्या व अंदाजी वजन कळवून मार्गदर्शन मागवावे. वाहतूक अधिकृत वाहनानेच व्हावी आणि माल पोचल्याची पावती दप्तरी ठेवावी. शेजारच्या चार गावांनी मिळून एक मालमोटार भरल्यास खर्च विभागला जातो. शाळा, गोदामे व ग्रामपंचायतीच्या इमारती यांवरील जुने पत्रेही याच खेपेत घालता येतील.

ज्यांच्या वाटेवर किंवा अंगणात असा भराव पूर्वीच झाला आहे त्यांनी तो उकरून काढण्याच्या खटपटीस लागू नये. वर आलेले तुकडे ओले करून वेचावेत व पिशवीत भरावेत. उरलेल्या भरावावर पाणी मारून किमान अर्धा फूट मुरूम व माती टाकावी आणि धुम्मस करून ती जागा दाबून घ्यावी. अंगण असल्यास वर कोबा किंवा फरशी केल्यास अधिक चांगले. दर पावसाळ्यानंतर थर कोठे वाहून गेला आहे काय हे पाहावे व तेथे नवा मुरूम टाकावा. त्या जागेचा साधा नकाशा काढून घरच्या कागदपत्रांत ठेवावा, आणि पुढे तेथे चर किंवा पाया खणावयाचा झाल्यास काम करणाऱ्यास तो आधी दाखवावा.