नामावली आणि निरोप

ज्या आज्ञावलीवर जगातील असंख्य संकेतस्थळे चालतात त्या वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाली आणि तिच्या उपासकांचा ‘वर्डकॅम्प’ नामक मेळावा २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत प्रथम भरला; तोच मेळावा जानेवारी २०२३ मध्ये आमच्या करवीरनगरीत, म्हणजे कोल्हापुरात, भरला, ही मला मोठ्या अभिमानाची गोष्ट वाटते. असे मेळावे स्वयंसेवकांच्या श्रमाने उभे राहतात, आणि त्या श्रमांपैकी नामावली राखणे व निरोप पोहोचविणे हा हिस्सा व्यासपीठावर कधी दिसतच नाही.

नोंदणीच्या वेळी नाव व ईमेलचा पत्ता घेतला जातोच, पण टी-शर्टचे माप आणि आहारातील पथ्यही विचारले जाते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या गावी शाकाहारी पाहुण्याची सोय आधीच झालेली बरी. निवेदनांची वाट एकेरी ठेवावी व आपसांतील चर्चेची निराळी. अन्यथा ‘स्टेशनवरून रिक्षा मिळेल का?’ ही एकाची पृच्छा शेकडो जणांकडे जाते आणि सभागृह बदलल्याची वर्दी तिच्याखाली गाडली जाते. सर्वांना एकच पत्र धाडताना पत्ते गुप्त प्रतीच्या रकान्यातच घालावेत, कारण खुल्या रकान्यातून प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाच्या हाती पडतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचा एक मुख्य आधार संमती हा आहे. म्हणून संयोजकांना माझी विनंती आहे, की मेळाव्याचा हिशेब मिटताच, पुढील निरोपांस ज्यांनी होकार दिलेला नाही त्यांची नावे यादीतून खारीज करावीत.