फिरवा दांडा, चालेल मुसळ

घरात शिवणयंत्र असेल तर त्याचे बाजूचे चाक एकदा सावकाश हाताने फिरवून पाहा. चाक गोल फिरते, सुई मात्र वरखाली जाते. जुन्या रहाटाला बैल आडव्या रिंगणात फिरत आणि गाडग्यांची माळ उभी फिरे. मध्ये दोन दातेरी चाकांची गाठ असे. एका चालीतून दुसरी चाल काढायची, एवढीच ही विद्या. ती बाहुल्यांना लावली की दांडा फिरवताच हलणारे खेळणे तयार होते.

असे सर्वांत गाजलेले खेळणे टिपू सुलतानाचे. लाकडी वाघ गोऱ्या शिपायाच्या उरावर बसला आहे. दांडा फिरवला की शिपायाचा हात हलतो आणि आतल्या भात्यांमुळे गुरगुर व विव्हळणे ऐकू येते. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी ते नेले. आज ते लंडनच्या संग्रहालयात आहे. गणपतीतले अनेक हलते देखावेही याच जातीचे. तिथे दांडा फिरवणाऱ्या हाताच्या जागी विजेची मोटार येते, इतकेच.

पहिल्या प्रयत्नाला वाघ नको. कांडण करणारी बाई करा. बुटांचा मजबूत खोका आडवा ठेवून पुढची बाजू उघडी करा, म्हणजे आतली गंमत दिसेल. दोन्ही बाजूंना समोरासमोर भोके पाडून बांबूची गोल तासलेली काडी आरपार घाला. हा कणा. त्याच्या बाहेरच्या टोकाला दांडा बसवा. आता चाक. जाड पुठ्ठ्याचे तीन थर खळीने चिकटवून रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा आणि सकाळी कापा.

सारी करामत या चाकाच्या आकारात आहे. गोल चाकाचे भोक मध्यापासून एक सेंटिमीटर बाजूला पाडले, तर वरची वस्तू दोन सेंटिमीटर उचलली जाते. पण ती हळूच चढते, हळूच उतरते. मुसळ असे पडत नाही! त्यासाठी चाक गोगलगायीच्या शंखासारखे कापायचे: कड मध्यापासून हळूहळू दूर जात जाते आणि शेवटी एकदम आत येते. मग मुसळ सावकाश उठते आणि धपकन पडते. हे चाक एकाच दिशेने फिरते. उलटे फिरवाल तर अडेल.

मुसळाची काडी खोक्याच्या छतातून खाली सोडा. भोकात बॉलपेनची रिकामी नळी बसवली म्हणजे काडी डुगडुगत नाही. खालच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावा. ती चाकावर टेकली पाहिजे. काडी पडत नसेल तर तिला लोखंडी वायसर बांधा आणि चाकाच्या कडेला मेणबत्ती घासा. बाईचे हात खांद्याशी दोऱ्याने सैल ओवून मुसळाला बांधा. बघणाऱ्याला वाटते, बाई कांडते आहे. खरे तर मुसळच बाईला हलवते!

कापायच्या वेळी लहान मुलांजवळ मोठ्या माणसाने बसावे. मुलींनाही बसवा, हे काम सुईदोऱ्याइतकेच नाजूक आहे.

याला पोरखेळ म्हणणाऱ्यांना एकच सांगणे. विहिरीवरच्या डिझेल इंजिनात व्हॉल्व्ह उघडण्याचे काम अशाच, एका बाजूला फुगीर चाकाकडे असते. ते झिजले की व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, इंजिनाचा जोर उतरतो. पीक पाण्यावर आलेले असते आणि मेकॅनिक तालुक्याला! मुसळाचे चाक कापलेले पोर लगेच इंजिन दुरुस्त करील असे नाही, पण मेकॅनिक काय सांगतो ते त्याला कळेल आणि नको तो भाग बदलायला ते 'हो' म्हणणार नाही.

पुढच्या खेपेला चकती चाकाच्या मध्यावर न टेकवता जरा बाजूला टेकवून पाहा: काडी उठता उठता गिरकीही घेते. वर कोंबडा बसवलात तर तो मान उंचावून चौफेर पाहील. रंग मात्र सर्व नीट चालू लागल्यावरच द्या, आणि भोकांत जाऊ देऊ नका. वाळलेल्या रंगाने काडी हमखास अडकते.