मांसांतून प्रकाश एके ठिकाणीं आणण्याची विद्या

धामणगाव बढ्याच्या शिवारांत वेंचणीस आलेला कापूस शुभ्र दिसतो, तो त्याच्या अंगच्या रंगानें नव्हे. कापसाचा एकेक तंतु जवळजवळ स्वच्छच असतो. परंतु असंख्य तंतूंवर आपटून प्रकाश चोहोंकडे विखुरतो, व आपणांस पांढरें दिसतें. दुधाची आणि मांसाची गोष्ट बरीचशी अशीच. विजेरीवर तळहात धरिला असतां तांबूस उजेड पार येतो, पण आंतील हाड दिसत नाहीं. सर्वच प्रकाश गिळला जातो असें नाहीं. पुष्कळसा वाट चुकतो.

हा भटकलेला प्रकाश पुन्हां एका बिंदूवर आणितां आला, तर मनुष्याच्या किंवा जनावराच्या शरीरांत खोल दडलेली गांठ कापाकापी न करितां पाहण्याची आशा आहे. म्हणून आमच्या वाचकांनीं हा प्रयोगशाळेंतील खेळ समजूं नये.

२००७ सालीं नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठांत व्हेलेकूप व मोस्क यांनीं पांढऱ्या रंगद्रव्याच्या अपारदर्शक थरावर लेसरचा झोत सोडला. झोताचे हजारों भाग पाडून प्रत्येक भागाची लहर थोडी पुढें-मागें सरकविली. दहा गड्यांनीं आपापल्या वेळीं जोर लाविला तर धोंडा हलत नाहीं, एका हाकेसरशीं लाविला कीं उठतो. तसें येथें झालें. थरापलीकडे आजूबाजूच्या उजेडाहून सुमारें १००० पट प्रखर असा ठिपका उमटला.

परंतु सजीव मांस म्हणजे रंगाचा थर नव्हे. रक्त वाहतें, श्वास चालतो, आणि जुळविलेल्या लहरी सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांतच विसकटतात. शिवाय शरीराच्या आंत बसून ठिपका पाहणार कोण? या दुसऱ्या अडचणीवरील तोड आम्हांस विशेष चतुर वाटते. सोनोग्राफींत वापरतात तसला ध्वनि मांसांत प्रकाशापेक्षां फारच कमी विखुरतो. २०११ सालीं अमेरिकेंतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत लिहाँग वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असा ध्वनि एका बिंदूवर एकवटला. तेथून जाणाऱ्या प्रकाशाची कंपनसंख्या किंचित् बदलली. तेवढाच खुणेचा प्रकाश निवडून त्यांनीं उलट धाडिला. रानांत पांगलेलीं गुरें आल्या वाटेनें गोठ्यांत परतावीं, तसा तो त्या बिंदूवर परतला.

आपल्याकडेहि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सुशील मुजुमदार यांचा गट विस्कळीत पदार्थांत प्रकाश कसा वागतो याचा अभ्यास करितो.

याहून निराळी वाट स्टॅनफर्डच्या संशोधकांनीं २०२४ सालीं दाखविली. मिठाईंत घालतात त्या टार्ट्राझिन नांवाच्या पिवळ्या रंगाचें दाट द्रावण उंदराच्या कातडीवर चोळतांच ती पारदर्शक झाली व पोटांतील अवयव दिसूं लागले; धुतल्यावर पूर्ववत् झाली. हा प्रयोग उंदरावरचा. मनुष्याची कातडी त्याहून पुष्कळ जाड असते. तेव्हां असल्या लेपाची डबी घेऊन कोणी बाजारांत आला, तर त्यास पैसा देऊं नये. कातडींतील पाणी व स्निग्धांश यांमधून प्रकाश निरनिराळ्या प्रमाणांत वळतो. रंगानें हा फरक कमी होतो, इतकेंच त्यांतील रहस्य. पाहावयाचें असल्यास वर्तमानपत्राच्या कागदावर तेलाचा थेंब टाकून तो दिव्यासमोर धरावा.