केंद्रात ‘टाकण्याआधी’ आत जाऊन पाहा

पहूरच्या आमच्या वस्तीत “त्याला केंद्रात टाकलं” असंच म्हणतात. जसं पोतं टाकावं. गेल्या वर्षावासात विहारात वंदना झाल्यावर एका ताईने मला बाजूला घेतलं. तिच्या नवऱ्याला रात्री जीप घेऊन आलेल्या चार पोरांनी उचलून नेलं होतं. पैसे तिनेच भरले होते, बचत गटाचं कर्ज काढून. महिनाभर भेट नाही, फोन नाही, असं केंद्रवाल्यांनी बजावलं होतं. तिचा प्रश्न एकच होता, “तिथं डॉक्टर असतो का हो?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. डॉक्टर नव्हता, नर्सही नव्हती. खोलीला बाहेरून कडी. नवरा घामाने भिजलेला, हात थरथरणारे, भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणत होता. चालक म्हणाला, “नाटकं करतो.” मी वॉर्डात अशी माणसं पाहिली आहेत, ते नाटक नव्हतं. हुज्जत घालून त्याला जळगावच्या सरकारी रुग्णालयात नेलं. वाचला.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, ताप, बरळणं सुरू होऊ शकतं, आणि उपचार नसेल तर त्यात जीवही जातो. म्हणून सुरुवातीचा आठवडा डॉक्टरांच्या नजरेखालीच जायला हवा. शांत करणारी औषधं ठरलेल्या मात्रेत देऊन हळूहळू कमी करायची, नाडी, बीपी आणि ताप वेळोवेळी पाहायचा. आपल्याकडे सलाईन लागली की इलाज झाला असं वाटतं. पण जुन्या पिणाऱ्याच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व फार कमी असतं. ते इंजेक्शन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मारहाण, उपाशी ठेवणं, थंड पाण्याची बादली यांनी दारू सुटते असं कोणत्याही वैद्यकशास्त्रात नाही.

तमिळनाडूत एरवाडी इथे 6 ऑगस्ट 2001 ला मनोरुग्णांच्या खासगी निवासाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत, 28 जण गेले. आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे आजार त्यात येतात. साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. शिक्षा म्हणून कोणालाही जखडता येत नाही, एकट्याला कोंडताही येत नाही. केंद्राची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे हवी. स्वतःहून दाखल झालेल्याने सुट्टी मागितली तर ती द्यावी लागते. तपासणीसाठी फार तर 24 तास थांबवता येतं. मर्जीविरुद्ध ठेवायचं तर दोघा जाणकारांची स्वतंत्र तपासणी लागते, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ असतो, आणि तेही आधी 30 दिवसांपुरतंच. भेटीचा आणि फोनचा हक्क रुग्णाचा आहे. जीप पाठवून माणूस उचलणं यात कुठेच बसत नाही.

मग आपण सहन का करतो? मला वाटतं, लाजेमुळे. पाचवं शील आपल्या तोंडी आहे, दारू पिणार नाही ही बावीस प्रतिज्ञांतली एक. पिणारा घराचं नाव घालवतो, त्याला चोप बसला तर बसू दे, असं आपण मनात धरतो. केंद्रवाल्यांना ते नेमकं ठाऊक असतं.

पैसे देण्याआधी नोंदणीचा कागद मागा. रात्री कोण असतं, फिट आली तर कोणत्या दवाखान्यात नेता, हे विचारा. झोपायच्या खोल्या आणि संडास दाखवायला सांगा. बरे झालेले लोक काम करतात ही चांगली गोष्ट आहे. 1986 साली डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचटांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही ते आहेत. पण ते डॉक्टरांच्या जागी नसतात. घरचे पाहायला आले म्हणून चिडणारं केंद्र सोडून द्या. दारिद्र्यरेषेखालच्यांना सरकारी रुग्णालयात हे उपचार मोफत मिळायला हवेत, कार्ड नसलं तरी. माहितीसाठी 14446 हा मोफत क्रमांक आहे.

त्या ताईचा नवरा आता दर पंधरा दिवसांनी एसटीने जळगावला गोळ्या आणायला जातो. दिवाळीत एकदा घसरला, तिने ओरडा केला, मग दोघं मिळून पुन्हा गेले. बचत गटाचे हप्ते अजून चालू आहेत.