पोट बिघडलंय, पण डबा उघडू नका

पनवेलजवळच्या विचुंब्यात इमारती वाढल्या, तशी घरोघरी कुत्री-मांजरंही आली. त्यांचं पोट बिघडलं की हात आधी जातो तो घरातल्या औषधांच्या डब्याकडे. तिथंच थांबावं. माणसाला सहज चालणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

एखाद-दोन दिवसांचे जुलाब बहुधा आपोआप थांबतात. (लहान पिल्लाच्या जुलाबात रक्त दिसलं, तर मात्र त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा, तो पार्व्हो असू शकतो.) त्रास तीन आठवड्यांवर गेला, वजन उतरू लागलं, तर आतड्याला जुनाट सूज असण्याची शक्यता असते. मांजरात हा आजार फसवा. जुलाब होतीलच असं नाही. वारंवार उलट्या होतात आणि ‘केस गेले असतील पोटात’ म्हणून महिने निघून जातात.

आधी विष्ठा तपासून जंत आणि जिआर्डिया आहेत का ते पाहतात. मग पथ्य: पूर्वी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन, किमान दोन-तीन आठवडे. या काळात चहातलं बिस्कीटसुद्धा नाही, आणि पथ्य मोडतं ते नेमकं त्या बिस्किटानं. अनेक कुत्र्यांना निव्वळ आहारबदलानं उतार पडतो.

नाहीच पडला, तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासतात. मांजरात आतड्याचा लिम्फोमा अगदी या सुजेसारखाच दिसतो, म्हणून ही तपासणी मोलाची. सूज ठरली की प्रेडनिसोलोन, आणि कमी असेल तर बी-१२ची इंजेक्शनं. प्रेडनिसोलोन बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायचं नसतं. मात्रा पशुवैद्यच हळूहळू उतरवतो.