सत्तर अन्न, पंच्याहत्तर सोनं

‘एज ऑफ एम्पायर्स २’ या खेळात बायझंटाइनांचा कॅटाफ्रॅक्ट तयार करायला ७० अन्न आणि ७५ सोनं लागतं. कॅटाफ्रॅक्ट म्हणजे नखशिखांत चिलखत घातलेला जड स्वार. त्याच्या घोड्यालाही चिलखत असे. किल्ल्यावर कळ दाबायची, की काही सेकंदांत तो दारातून बाहेर पडतो. चिकित्सक खेळाडू मग त्याच्या भाल्याची लांबी आणि शिरस्त्राणाचा घाट तपासत बसतात. दहाव्या शतकात गाजलेला हा स्वार बंदूकधाऱ्यांच्या शेजारी कसा, हा त्यांचा प्रश्नही रास्त आहे. पण ही तपासणी चुकीच्या टोकाने सुरू होते. सम्राट निकेफोरस फोकास (९६३–९६९) याने जड शिपायाच्या नावावरची, विकता न येणारी जमीन किमान १२ पौंड सोन्याच्या मोलाची असावी असं फर्मान काढलं. आधी ही मर्यादा ४ पौंडांची होती. म्हणजे त्या चिलखताची किंमत खजिन्याच्या आधी शेत मोजत होतं. खेळाने लोखंड बरोबर काढलं आणि शेत गाळलं. माझी तक्रार त्या शेताबद्दल आहे.

ही तक्रार चांद्याला नेऊन पाहावी. ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये (२००९) मराठे आहेत, ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’च्या नकाशावर गोंडवानाही आहे. तरी चांद्याच्या गोंड राजाचा शिपाई काढा म्हटलं तर चित्रकाराचा हात आपोआप धनुष्यबाण आणि कुऱ्हाडीकडे वळेल. धनुष्यबाण खोटा नाही, पण त्याने राज्य दिसत नाही. ‘आईन-इ-अकबरी’त चांद्याचा गोंड राजा बाबजी याच्याकडे १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ असल्याची नोंद आहे, आणि त्याच्या मुलुखात वैरागडची हिऱ्यांची खाणही आहे. चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा या वेशी उभ्या आहेत. त्यांच्या दगडांत हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. शहराभोवतीचा परकोट सुमारे ११ किलोमीटरचा. एवढी भिंत बांधणाऱ्याला पाथरवट, चुना, धान्य आणि हिशेब ठेवणारे कारकून लागतात. नुसत्या तिरंदाजांच्या टोळीचं ते काम नव्हे.

तो ४०,०००चा आकडा मात्र जपून वाचायला हवा. एवढं पायदळ या जंगलपट्टीत बारमाही पोसणं कठीण. हाक दिली तर जमीनदाऱ्यांतून किती माणूस उठेल, याचाच तो अंदाज असावा. भात कापणीला आलेला असताना किंवा प्रत्येक नाला दुथडी वाहत असताना त्यातले किती आले असते? ‘जंगलात लढण्याची क्षमता अधिक दहा’ अशी बढती देऊन खेळ हा प्रश्न मिटवतो. तोड्याच्या बंदुकीचंही तेच. तिला पेटती वात लागते, आणि भर श्रावणात पेटती वात सांभाळून झाडीतून दबकत जाणं म्हणजे काय, हे हल्ल्याच्या गुणांत बसत नाही. भिंतीचंही तसंच. खेळात ती आयुष्याच्या गुणांनी टिकते. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांच्या कर्नल अ‍ॅडम्सच्या तोफांनी चांद्याच्या परकोटाला एका जागी खिंडार पाडलं, त्यातून फौज आत शिरली आणि किल्लेदार गंगासिंग पडला. उरलेली सगळी भिंत शाबूतच होती.

यावर कुणी म्हणेल, हा खेळ आहे, गॅझेटियर नव्हे. बुद्धिबळातला हत्ती सरळच का चालतो, उंट तिरकाच का, असं कुणी विचारत नाही. कबूल. पण बुद्धिबळ इतिहासाचा दावा करत नाही. हे खेळ मोहिमेआधी सनावळी आणि नकाशा दाखवतात, आणि पुष्कळ मुलांना बायझंटाइन हा शब्द पहिल्यांदा तिथेच भेटतो. काटछाट करावीच लागते. काय छाटलं, हे विचारायचा हक्क उरतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: गोंड फौजेच्या पोशाखाचे पुरावे तुटपुंजे, मग रचनाकाराने करावं काय? पोशाख साधा ठेवावा आणि नियम नेमके करावेत. नियमांसाठी लागणारा पुरावा पोशाखापेक्षा कितीतरी भरपूर आहे.

१८५८ सालच घ्या. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव हे गोंड जमीनदार इंग्रजांविरुद्ध उठले. त्यांच्या जमावात गोंडांबरोबर रोहिलेही होते, त्यामुळे ‘आदिवासी तुकडी’ असा एकच शिक्का इथे चालत नाही. एप्रिलअखेर चिंचगुंडीला तारयंत्राच्या छावणीवर हल्ला झाला. सरकारचं बळ बातमी लवकर पोचण्यात आहे, हे हल्लेखोरांना कळत असावं. खेळात ही सारी झाडी एकाच रंगात रंगली असती आणि एका कळीवर उठली असती. प्रत्यक्षात बाबुराव पकडले गेले ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी इंग्रजांना केलेल्या मदतीमुळे, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. अहेरीही गोंड जमीनदारीच होती, आणि तिच्याकडेही माणसं होती.